गिटारची घडण : तबली पातळ, बांधा भक्कम

पोलादी तारांची गिटार सुरात लावली, की तिच्या सहा तारा मिळून सुमारे सत्तर किलो वजनाइतका ताण निर्माण करतात. एवढ्या ओढीला तोंड देणारी पुढची फळी मात्र जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची असते. ही फळी जाड केली, तर वाद्य वर्षानुवर्षे टिकेल. पण ते वाजणार नाही. फार पातळ केली, तर ते सुरेख वाजेल आणि काही महिन्यांत घोडीपाशी खचेल. गिटार बनविण्याची सारी कला या दोन टोकांच्या मध्ये सामावलेली आहे.

घरी पहिल्यांदा गिटार घडविणारा हौशी कारागीर बहुधा वाद्य मोडेल या भीतीनेच काम करतो. फळी थोडी जाड ठेवतो, आतल्या आधारपट्ट्या थोड्या दणकट ठेवतो, सरस थोडा जास्त लावतो. परिणामी पहिली गिटार अनेकदा दिसायला देखणी, हाताला भक्कम आणि आवाजाला मुकी होते. लाकूड कापणे आणि जोडणे हे कौशल्य सरावाने येते. लाकूड कोठवर कमी करायचे, हे समजणे अवघड असते आणि त्यासाठी वाद्याचे शास्त्र थोडे तरी माहीत असावे लागते.

आवाज येतो कोठून?

कंप पावणारी तार स्वतः फारशी हवा हलवू शकत नाही. तिची कंपने घोडीतून पुढच्या फळीत उतरतात आणि ही रुंद फळी हवेला धक्के देते. सतार-तंबोऱ्याच्या कारागिरांच्या भाषेत या फळीला तबली म्हणतात. गिटारीच्या बाबतीतही तोच शब्द चपखल बसतो. पेटीतील हवा आणि तबलीतील गोल छिद्र मिळून खालच्या स्वरांना भरीव आधार देतात. नेहमीच्या आकाराच्या गिटारीत या हवेचे स्वतःचे कंपन सेकंदाला साधारण शंभरच्या आसपास असते, तर तबलीचे मुख्य कंपन त्याच्या जवळपास दुप्पट असते.

तबलीचे हे महत्त्व स्पेनमधील आल्मेरियाचे कारागीर अंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) यांनी एका वेगळ्याच प्रयोगाने दाखवून दिले. १८६२ मध्ये त्यांनी एक गिटार बनविली. तिची तबली उत्तम लाकडाची होती. पाठ आणि बाजू मात्र चक्क कागदाच्या लगद्याच्या पुठ्ठ्याच्या होत्या. ही गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. पाठीचे आणि बाजूंचे लाकूड आवाजाला रंग देते, पण आवाजाचा उगम तबलीत आहे, हा तोरेस यांचा मुद्दा होता. पहिल्या गिटारीसाठी खर्च कोठे करावा, याचे उत्तरही त्यातच आहे. पाठ आणि बाजू साध्या लाकडाच्या चालतील. तबलीत तडजोड नको.

तबलीच्या जाडीबाबत एक हिशेब ध्यानात ठेवण्यासारखा आहे. फळीचे वजन जाडीच्या प्रमाणात बदलते, पण तिचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. तीन मिलिमीटरची फळी अडीच मिलिमीटर केली, तर वजन सुमारे सतरा टक्क्यांनी घटते. ताठपणा मात्र बेचाळीस टक्क्यांनी कमी होतो. रंध्याचे शेवटचे काही हात एवढे निर्णायक का ठरतात, ते यावरून कळते.

लाकडाची पारख

तबलीसाठी जगभर स्प्रूस या लाकडाला पसंती आहे. चीड आणि देवदाराच्या कुळातील हा वृक्ष थंड प्रदेशात संथ वाढतो. त्याचे लाकूड वजनाला हलके, पण रेषांच्या दिशेने कमालीचे ताठ असते. वाद्यासाठी तबलीच्या फळ्या बाजारात जोडीने मिळतात. एकच जाड फळी मधोमध उभी चिरून पुस्तकासारखी उघडलेली असते, त्यामुळे दोन्ही अर्ध्यांवरच्या रेषा एकमेकींचे प्रतिबिंब वाटतात. फळीच्या टोकाकडून पाहिले असता वार्षिक वलयांच्या रेषा पृष्ठभागाला काटकोनात उभ्या दिसल्या पाहिजेत. त्या तिरप्या असतील, तर फळी वाकण्याची आणि तडकण्याची शक्यता वाढते. गाठी आणि तिरकी नस असलेली फळी टाळावी. फळी एका कडेला हलकेच धरून मधोमध टिचकी मारली, तर चांगल्या लाकडातून घुमणारा स्वर येतो. ठक्क असा मेलेला आवाज येणारी फळी बाजूला ठेवावी.

पाठ आणि बाजूंच्या लाकडाची गोष्ट थेट सह्याद्रीपर्यंत येऊन पोहोचते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील उंची गिटारी ब्राझीलच्या रोझवूडच्या असत. ते लाकूड दुर्मीळ होऊ लागले, तेव्हा मार्टिन या नामवंत कंपनीने १९६९ च्या सुमारास भारतीय रोझवूडकडे मोर्चा वळविला. हे भारतीय रोझवूड म्हणजे आपली शिसव. पश्चिम घाटाच्या जंगलात वाढणारा हा वृक्ष तेव्हापासून जगभरच्या गिटारींच्या पाठीवर दिसतो. ब्राझीलच्या जातीचा व्यापार १९९२ पासून आंतरराष्ट्रीय कराराने जवळजवळ बंद झाला. २०१७ मध्ये शिसवीसह त्या वंशातील इतर जातींच्या व्यापारावरही परवान्याचे बंधन आले. २०१९ मध्ये तयार वाद्ये आणि त्यांचे भाग त्यातून वगळण्यात आले. घरी वापरण्यासाठी शिसव घेताना ती पावतीसह, रीतसर वखारीतूनच घ्यावी.

मराठी घरात आणखी एक मोह पडतो, तो जुन्या वाड्याच्या सागवानाचा. पाडलेल्या घराची चौकट किंवा दरवाजा पन्नास-साठ वर्षे वाळलेला असतो आणि असे मुरलेले लाकूड पाठीला किंवा बाजूंना वापरता येते. सागाच्या अंगात तेल असते, म्हणून सरस लावण्यापूर्वी जोडाची जागा नव्याने रंधून आणि ॲसिटोनने पुसून घ्यावी. तबलीसाठी मात्र साग जड पडतो. दांडीसाठी हलके, सरळ नसांचे महोगनी अधिक सोयीचे.

ओलाव्याचा हिशेब

महाराष्ट्रात गिटार बनविणाऱ्याचा खरा प्रतिस्पर्धी हवा आहे. लाकूड वाळले, तरी ते हवेतील ओलावा घेत आणि सोडत राहते. हवेची आर्द्रता ऐंशी टक्के असेल, तर लाकडातील पाण्याचे प्रमाण सुमारे सोळा टक्क्यांवर स्थिरावते. आर्द्रता चाळीस टक्के असेल, तर ते आठ टक्क्यांच्या खाली येते. या फरकाने लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत बदलते. सुमारे अडतीस सेंटिमीटर रुंदीची तबली एवढ्या फरकात तीन-चार मिलिमीटरने आकसू शकते.

सुटी फळी आकसली तर काही बिघडत नाही. पण तबलीला आडव्या-तिरप्या आधारपट्ट्या सरसाने पक्क्या केलेल्या असतात आणि त्या पट्ट्या तिला आकसू देत नाहीत. मुंबईत जुलैच्या दमट हवेत जोडलेली गिटार पुढच्या मे महिन्यात नागपूरला नेली, तर तबली आत बसते किंवा नसेच्या रेषेत उभी तडकते. कोरड्या हवेत जोडलेली गिटार पावसाळ्यात फुगते. तिच्या तारा वर उचलल्या जातात, वाजविताना बोटे दुखतात. पण ती सहसा फाटत नाही. म्हणून जोडकाम नेहमी मध्यम-कोरड्या हवेत, आर्द्रता पंचेचाळीस ते पन्नास टक्के असताना करावे.

त्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. आर्द्रता दाखविणारे एक छोटे यंत्र, दार घट्ट लागणारे प्लायवूडचे कपाट आणि त्यात कमी शक्तीचा जुन्या पद्धतीचा, उष्णता देणारा दिवा एवढ्यावर भागते. तबली, पाठ आणि आधारपट्ट्या दोन-तीन आठवडे या कपाटात ठेवून, तेथून काढून लगेच जोडाव्यात. कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्याने कापणे, रंधणे, दांडी कोरणे ही कामे पावसाळ्यात करावीत आणि जोडकाम हिवाळ्यासाठी राखून ठेवावे. विदर्भात आणि मराठवाड्यात उलट अडचण येते. तेथे एप्रिल-मे महिन्यांत हवा इतकी कोरडी होते, की त्या दिवसांतले जोडकाम पावसाळा लागताच फुगवटा दाखविते.

साधने आणि साचा

सदनिकेच्या गॅलरीत किंवा एखाद्या मोकळ्या खोलीत हे काम होऊ शकते. धारदार रंधा, दोन-तीन पटाश्या, बारीक दातांची करवत, गुण्या, कानस, पोलादी पट्टी, दशांश मिलिमीटर मोजणारे कॅलिपर आणि भरपूर शिकंजे ही मूळ सामग्री. शिकंजे कितीही असले तरी पेटी बंद करण्याच्या दिवशी कमीच पडतात. रंध्याला धार लावता येणे ही पहिली पात्रता आहे. बोथट रंधा स्प्रूसच्या नसा ओरबाडतो आणि नवशिक्याला वाटते, की लाकूडच खराब आहे. लाकडाची, विशेषतः शिसवीची, बारीक धूळ फुप्फुसांना आणि त्वचेला त्रासदायक असते; म्हणून घासकाम करताना नाकावर चांगला मास्क हवाच.

आराखडा पूर्ण आकाराचा, कागदावर काढलेला असावा. त्यावरून प्लायवूडचे थर चिकटवून गिटारीच्या बाह्याकृतीचा साचा तयार करतात. वाकविलेल्या बाजू या साच्यात बसवून ठेवल्या, की काम चालू असताना त्यांचा आकार बिघडत नाही. ज्यांना बाजू वाकविण्याचे धाडस पहिल्याच खेपेला नको असेल, त्यांनी वाकविलेल्या बाजू आणि खाचा पाडलेली पडदेपट्टी असलेला तयार संच घ्यावा. त्यात कमीपणा नाही. तबलीचे काम तरीही स्वतःलाच करावे लागते.

तबली आणि फुली

तबलीचे दोन अर्धे मधोमध जोडताना कडा इतक्या सरळ हव्यात, की दोन्ही एकमेकींना लावून उजेडासमोर धरल्या असता फट दिसू नये. जोड वाळल्यावर फळी हळूहळू पातळ करायची. पोलादी तारांच्या गिटारीसाठी पावणेतीन ते तीन मिलिमीटर ही सुरक्षित सुरुवात. नायलॉनच्या तारांसाठी सव्वादोन ते अडीच. आकडा मात्र केवळ मार्गदर्शक असतो. दोन फळ्या सारख्या जाडीच्या असूनही एक ताठ आणि दुसरी लवचिक असू शकते. म्हणून दर थोड्या वेळाने फळी दोन्ही हातांत धरून आडवी आणि उभी किंचित वाकवून पाहावी, टिचकी मारून ऐकावे आणि जाडी वहीत टिपून ठेवावी.

त्यानंतर आधारपट्ट्या. तोरेस यांनी पंख्याच्या काड्यांसारख्या पसरणाऱ्या बारीक पट्ट्यांची रचना रूढ केली आणि नायलॉन तारांच्या गिटारीत ती आजही चालते. अमेरिकेत स्थायिक झालेले जर्मन कारागीर क्रिस्टियन फ्रेडरिक मार्टिन यांच्या वाद्यांत १८४० च्या दशकात फुलीच्या आकाराची रचना आली. त्या काळी तारा आतड्याच्या असत. विसाव्या शतकात पोलादी तारा आल्या आणि त्यांचा जबर ताण पेलण्यास ही फुलीच सर्वांत योग्य ठरली. दोन मुख्य पट्ट्या छिद्राच्या खाली एकमेकींना छेदतात आणि घोडीच्या दोन्ही टोकांखालून कडेपर्यंत जातात.

पट्ट्यांच्या बाबतीतही उंचीच्या घनाचा तोच नियम लागू पडतो. पट्टीची रुंदी निम्मी केली, तर ताठपणा निम्मा होतो. उंची निम्मी केली, तर तो एक-अष्टमांश उरतो. म्हणून पट्टी अरुंद आणि उंच ठेवावी, माथा निमुळता करावा आणि कडेकडे जाताना ती उतरती करावी. ओलांडणीचा सांधा मात्र मजबूत हवा. तो सैल राहिला, तर तबली तेथेच बसते. सर्वांत जास्त धैर्य येथे लागते. पटाशीने थोडे लाकूड काढायचे, घोडीच्या जागी अंगठ्याने दाबून पाहायचे, टिचकी मारायची, पुन्हा थोडे काढायचे. सुरुवातीला आखूड आणि बद्द येणारा आवाज एका टप्प्यावर मोकळा आणि लांबणारा होतो. तेथे थांबावे.

बाजू, पेटी आणि दांडी

बाजूंच्या पट्ट्या सुमारे दोन मिलिमीटर जाडीच्या असतात. त्या भिजवून, आतून तापविलेल्या लोखंडी नळीवर हळूहळू वाकवितात. नळीवर टाकलेला पाण्याचा थेंब तडतडून उडाला, की ती पुरेशी तापली असे समजावे. उष्णतेने लाकडातील तंतूंना बांधणारे द्रव्य मऊ होते. लाकूड हाताखाली एकाएकी ‘सुटल्या’सारखे वाटते आणि थंड झाल्यावर दिलेला आकार धरून ठेवते. घाई केली, तर कमरेच्या वळणावर पट्टी मोडते. म्हणून आधी टाकाऊ पट्टीवर हात बसवावा.

बाजू साच्यात बसवून वरच्या आणि खालच्या टोकांना ठोकळे चिकटवितात. कडेला आतून खाचा पाडलेली बारीक पट्टी फिरवितात, म्हणजे तबली आणि पाठ चिकटविण्यास पुरेशी जागा मिळते. पेटी बंद करण्यापूर्वी आतला सरसाचा प्रत्येक ओघळ पुसावा. नंतर तेथे पोहोचण्यासाठी छिद्रातून आत जाईल तेवढाच हात उरतो.

दांडीत पोलादी सळई बसवितात. तारांच्या ओढीने दांडी पुढे वाकू लागली, तर ही सळई पिळून ती सरळ करता येते. दांडीचा कोन हा पेटीशी जोडतानाचा सर्वांत नाजूक मुद्दा. पडद्यांच्या माथ्यांवर ठेवलेली सरळ पट्टी घोडीच्या लाकडी माथ्याला जेमतेम स्पर्शून गेली पाहिजे. ती घोडीच्या पोटात अडत असेल, तर तारा फार उंच राहतील.

पडद्यांच्या जागा हा शुद्ध गणिताचा भाग. सतारीचे पडदे सरकविता येतात, गिटारीचे कायमचे ठोकलेले असतात. म्हणून चुकीला क्षमा नाही. तारेची उरलेली लांबी १७.८१७ ने भागली, की पुढच्या पडद्याचे अंतर मिळते. तारेची वाजती लांबी ६५० मिलिमीटर धरली, तर मेरूपासून पहिला पडदा ३६.४८, पाचवा १६३.०५, सातवा २१६.१८ आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२५ मिलिमीटरवर येतो. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली यांनी सोळाव्या शतकात १८ हा आकडा सुचविला होता आणि पुढे बराच काळ कारागीर तोच वापरीत. त्या हिशेबाने बारावा पडदा सुमारे अडीच मिलिमीटर आधीच येतो. खुणा करताना प्रत्येक अंतर मेरूपासूनच मोजावे. मागच्या पडद्यापासून मोजत गेल्यास बारीक चुका साठत जातात.

घोडी, पॉलिश आणि पहिला सूर

तार पडद्यावर दाबली, की ती किंचित ताणली जाते आणि सूर चढतो. त्याची भरपाई म्हणून घोडीवरील हाडाची पट्टी हिशेबातल्या जागेच्या थोडी मागे आणि तिरपी बसवितात; बारीक तारेसाठी सुमारे दोन, तर सर्वांत जाड तारेसाठी सुमारे पाच मिलिमीटर. घोडी उघड्या लाकडावरच चिकटवावी. पॉलिशवर चिकटविलेली घोडी तारांच्या ओढीने उखडते.

पॉलिशसाठी पहिल्या गिटारीला लाखेपासून बनणारे स्पिरिट पॉलिश उत्तम. ते अतिशय पातळ बसते, तबलीला जड करीत नाही आणि बिघडल्यास पुन्हा लावता येते. पावसाळ्यात मात्र त्यावर पांढुरकी झाक येते, तेव्हा तेही कोरड्या दिवसांतच करावे.

तारा चढविल्यावर एक गंमतीचा दोष अनेकदा आढळतो. हाडाच्या पट्टीचा माथा सपाट राहिला असेल, तर तार त्यावर घासून झणझणते. तंबोऱ्यात हीच झणझण मुद्दाम आणतात. घोडीच्या रुंद माथ्याला कानसेने सूक्ष्म उतार देऊन काढलेली ती जव्हारी असते. गिटारीत तीच उणीव ठरते. तेथे तार एका निश्चित रेषेवरून सुटली पाहिजे.

जव्हारीचे हे कसब ज्या गावाने जपले, त्या मिरजेचे उदाहरण येथे उपयोगी पडते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तेथील शिकलगार घराण्यांनी हत्यारांना धार लावणारे हात वाद्यनिर्मितीकडे वळविले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तेथे तबलीची जाडी आजही बोटाने आणि कानाने पारखली जाते. ही पारख पिढ्यान्‌पिढ्या वाद्ये करूनच अंगी मुरते. घरी काम करणाऱ्याजवळ पिढ्या नसतात. पण प्रत्येक टप्प्यावरची जाडी, वजन आणि त्या दिवशीची आर्द्रता टिपलेली वही त्याच्याजवळ असू शकते.

नवी गिटार पहिल्या काही आठवड्यांत बदलते. तबली ताणाखाली घोडीच्या मागे किंचित उचलली जाते आणि तारांची उंची पुन्हा जुळवावी लागते. तो हलकासा उचल दोष समजू नये. तबली काम करू लागल्याची ती खूण आहे. उचल वाढतच गेली, तर पट्ट्या फार कोरल्या गेल्या. अजिबात आली नाही आणि आवाज कोंडलेला राहिला, तर फार कमी. दोन्ही वेळी वहीतील आकडे दुसऱ्या गिटारीसाठी उपयोगी पडतात.